पूजेत ठेवलेला कॅम

आमच्या घरात पातेल्यांना झाकणं पुरत नसत. भात शिजत असताना अम्मा वर ताट पालथं घालायची आणि ताटावर वरवंटा ठेवायची, कारण हलकं ताट वाफेनं उडायचं. खरं झाकण अप्पांनी नेलेलं असे. रस्त्याकडची पडवी बंद करून त्यांनी वर्कशॉप केलं होतं. तिथं ते झाकण इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला बसवलेलं असायचं, कडेनं कोनमापकानं आखून अंशांच्या बारीक रेघा कोरलेलं. क्रँक हातानं फिरवला की झाकण फिरे, आणि एका तारेच्या टोकासमोर कुठली रेघ आली हे पाहून व्हॉल्व्ह नेमका केव्हा उघडतो आणि केव्हा मिटतो ते कळे. "शून्यापासून तीनशेसाठपर्यंत सगळं या झाकणात आहे," अप्पा आलेल्या माणसांना सांगत. "भात तेवढा नाही," अम्मा आतून म्हणायची. माणसं हसत. अप्पाही हसत, पण झाकण परत देत नसत.

चामराजपेटेतलं ते घर अरुंद आणि लांबच लांब होतं. पुढे वर्कशॉप, मध्ये देवघर असलेली खोली, मागे स्वयंपाकघर. त्यामुळे आमच्या देवांना पेट्रोलचा वास यायचा आणि आमच्या सारूला, म्हणजे पातळ आमटीला, ग्रीसचा. आम्ही बंगळुरातले जुने मराठी, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर आलेले. या गावातल्या प्रत्येक जुन्या मराठी घरात त्या फौजेतला एक सरदार असतो. घोड्यांना खरारा करणारा किंवा दाणा मोजणारा कोणी मला अजून भेटलेला नाही. ती माणसं बहुतेक निर्वंश झाली असावीत. आमच्याही घरात एक सरदार होता. त्याचा पुरावा म्हणून एक गंजलेली तलवार होती, आणि वडिलांना 'अप्पा', थोरल्या भावाला 'अण्णा' म्हणणाऱ्या, निम्मं कानडी बोलणाऱ्या आम्हा मुलांना तिच्याकडे पाहून छाती फुगवावी लागे.

अप्पांना काम येत होतं, हे आधीच सांगते. वाईट कारागिरावर राग धरणं सोपं असतं. अप्पा चांगले होते, फार चांगले होते. शर्यतीच्या मोटरसायकलींचे कॅम ते स्वतः घासून आकाराला आणत, आणि लांबलांबून मुलं त्यांच्याकडे इंजिनं घेऊन येत. मुलगी म्हणून मला मोटरसायकल चालवायची परवानगी नव्हती. इंजिन उघडायची होती, कारण ते घराच्या आत होतं. माझे डोळे तीक्ष्ण होते, आणि फुकट होते. झाकणावरची रेघ वाचायचं काम माझं.

कॅम म्हणजे एक पोलादी दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, उंचवटा सरला की व्हॉल्व्ह मिटतो. एक व्हॉल्व्ह हवा आणि पेट्रोल आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. इंजिनाची ताकद सावकाश चढताना मिळणार की सुसाट पळताना, हे बरंचसं या उघडमिटीच्या वेळेवर ठरतं. अप्पांनी मला ते लग्नाच्या हॉलचं उदाहरण देऊन समजावलं होतं. "सरू, पंगतीला झुंबड आलीय असं समज. हॉल भरला तरी दार लगेच लावायचं नाही. मागच्यांच्या रेट्यानं आणखी दहा माणसं आत जातात. तेच माणसं रमतगमत आली असतील, आणि तू दार उघडं ठेवलंस, तर आत आलेलीसुद्धा परत बाहेर पडून पान खात उभी राहतात." व्हॉल्व्ह उशिरा मिटवला, की इंजिन जोरात फिरताना जास्त ताकद देतं, कारण आत येणाऱ्या हवेला रेटा असतो. सावकाश फिरताना मात्र तेच इंजिन मरगळतं. घेतलेला घास परत बाहेर टाकतं. आणि मरगळीतून ताकदीकडे ते पायरीपायरीनं जात नाही. एका वेगाला पोचलं की एकदम उसळतं. अप्पांच्या वर्कशॉपात याला 'अंगात येणं' म्हणत. देवीसारखंच: आधी डोळे मिटून डुलत बसलेलं, मग कोणाला आवरेना.

आजकालच्या इंजिनांत म्हणे ही वेळ चालता चालता आपोआप बदलते. सावकाश असताना दार लवकर मिटतं, पळताना उशिरा. नातवानं मला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. यंत्रं मत बदलायला शिकली, हे ऐकून बरं वाटलं.

अप्पांनी एका वर्षी दोन कॅम केले होते, दोन्ही एकाच इंजिनासाठी. ती एक सिलिंडरची जुनी परदेशी मोटरसायकल अप्पांनी भंगारातून उभी केली होती आणि माझा थोरला भाऊ, शंभूअण्णा, ती चालवायचा. एक कॅम सपाटीचा, सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी, दार उशिरा लावणारा. दुसरा चढणीचा. दसऱ्याच्या दिवशी शहराबाहेरच्या एका टेकडीवर चढणीची शर्यत होती, वळणावळणांचा रस्ता, आणि ती पाहायला एका मोटरसायकल कारखान्याची माणसं येणार होती. त्यांना नव्या गाड्या चालवून पाहणारा एक माणूस हवा होता. अण्णाला ती नोकरी हवी होती. ती मिळाली असती तर त्याला पगार, राहायला जागा आणि मुख्य म्हणजे अप्पांपासून अंतर मिळालं असतं. हे त्यानं मला एकटीला सांगितलं होतं, बाहेरच्या ओट्यावर शेंगा सोलताना, आणि अप्पांचा खोकला ऐकू आल्यावर लगेच शेंगांबद्दल बोलायला लागला होता.

चढणीच्या कॅमवर आम्ही पावसाळाभर काम केलं. अप्पा घासत, मी वाचत, अण्णा पहाटे टेकडीवर जाऊन येई आणि सांगे. "खाली स्वल्प कमी पडतंय." पुन्हा घासणं. शेवटी एके दिवशी तो आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "आता दोरीनं वर ओढल्यासारखी येते. तिसऱ्या वळणावर तर काही करावंच लागत नाही." तिसरं वळण फार आखूड होतं, तिथं गाडी जवळजवळ थांबवून पुन्हा उचलावी लागे. त्या दिवशी जेवताना अप्पांनी अण्णाच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. मी त्या कॅमच्या टोकाला सुईनं एक बारीक फूल कोरलं. अप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "रांगोळी घाल आता त्यावर." पण पुसायला लावलं नाही.

नवमीच्या दोन दिवस आधी सरदारकाका आले. हे आमच्या दूरच्या नात्यातले, समाजाच्या संघाचे अध्यक्ष. त्यांना सगळे सरदार म्हणत, आणि ते स्वतःलाही तसंच म्हणवून घेत. पाण्याच्या नळासाठी नगरपालिकेशी दिलेली झुंज सोडली तर त्यांनी दुसरी लढाई केलेली नव्हती, पण फेटा बारा महिने असे. त्या वर्षी नवमीच्या पूजेला संघाची मंडळी आमच्या घरी यायची होती. अप्पांनी त्यांना कौतुकानं इंजिन सुरू करून दाखवलं. चढणीच्या कॅमवर ते शांतपणे चालायचं, टुकटुक, एकसारखं, समोर पेला ठेवला तर पाणी हलू नये असं. काकांनी थोडा वेळ ऐकलं. मग फेट्याला हात लावून म्हणाले, "अहो, ही तर दूधवाल्याची गाडी वाटते. आमच्या गल्लीत पहाटे अशीच येते."

सगळे हसले. अप्पा म्हणाले, "चढणीसाठी असंच लागतं."

"लागत असेल, लागत असेल. मंडळी येणार आहेत, म्हणून म्हटलं. काही गर्जना वगैरे असती तर."

मी तेव्हा अप्पांकडे पाहत होते. त्यांनी हातातलं फडकं घडी करून बाकावर ठेवलं. घडी करून फडकं ठेवायची त्यांना सवय नव्हती.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजेत मांडतात. पाने, कानशी, हातोड्या, अम्माची विळी, ती तलवारही. हळदकुंकू, फूल, धूप; गाडीला केळीचे खुंट; दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा आणि गल्लीला चुरमुरे-फुटाणे वाटायचे. आणि एकदा मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होऊन उठवल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. अवजारांना एक दिवस विश्रांती, असं अम्मा सांगायची. तिला स्वतःला ती कधी मिळाली नाही. नवमीला मटणाचं सारू, रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि वर होळगी, म्हणजे पुरणपोळी, सगळं ती एकटीच करायची, आणि विळी पूजेत असल्यामुळे कांदे शेजारून चिरून आणायची.

नवमीच्या सकाळी मला चिकपेटेत धाडलं होतं, मंडळींना द्यायचे खण आणायला. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मला आवाज ऐकू आला. धाड, मग थांबून धाड-धाड, मग चुकल्यासारखा एक ठोका, मग पुन्हा धाड. खिडक्यांच्या काचा हलत होत्या. शेजारची म्हातारी कानात बोटं घालून हसत होती. तो सपाटीचा कॅम होता. सावकाश फिरताना धड श्वास घेता येत नाही म्हणून ते इंजिन तसं खोकतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला तो खोकला गर्जना वाटतो. सरदारकाकांना वाटली. ते ओट्यावर उभे राहून मान डोलावत होते. "आता कसं," ते म्हणत होते, "आता कसं."

मी पिशवी घेऊन आत गेले. अप्पांनी पूजा सुरेख मांडली होती. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत, मध्ये तलवार. आणि तलवारीच्या मुठीजवळ, झेंडूच्या फुलाखाली, चढणीचा कॅम. कुंकवाचं बोट नेमकं मी कोरलेल्या फुलावर लागलं होतं.

अण्णा सकाळपासून टेकडीवर रस्ता पाहायला गेला होता. तो आला तेव्हा पूजा होऊन गेली होती, कोहळा फुटला होता आणि मंडळी जेवायला बसली होती. त्यानं पूजेत पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग पंगतीत वाढणाऱ्या अप्पांजवळ जाऊन हळू म्हणाला, "अप्पा, तो कॅम पूजेत आहे."

"आहे ना. पूजा केली त्याची."

"मग उद्या गाडीत कुठला आहे?"

"ऐकला नाहीस? गल्लीनं ऐकला."

"तिसऱ्या वळणावर तो खाली मरेल आणि मध्येच अंगात येईल."

अप्पांनी वाढायची पळी तशीच हातात धरली. काका जेवता जेवता थांबले होते. अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पॉवर झेपत नसेल तर आत्ताच सांग शंभू. संघातली दुसरी पोरं आहेत."

काका म्हणाले, "झेपेल, झेपेल. रक्त कुठलं आहे."

अण्णा हात धुऊन पंगतीत बसला. त्यानं मुद्दा मोडला, सारूत बुडवला आणि खाल्ला. मी त्याच्या शेजारी वाढत होते. त्यानं वर पाहिलं नाही.

कॅम बदलायला फार वेळ लागत नाही. इंजिनाच्या बाजूचं झाकण, काही बोल्ट, मग पातेल्याच्या झाकणावरची रेघ पाहून जुळवणी. अप्पांनी सकाळी केलं तेच उलट करायचं होतं. काका सोडून बाकीची मंडळी गेल्यावर मी त्यांना तसं म्हटलं. ते देवघरासमोर पान लावत होते. "पूजेतलं अवजार उठवल्याशिवाय हात लावायचा नाही," ते म्हणाले. हा माणूस एकादशीला आम्लेट खात असे. सोवळ्याओवळ्यावर त्यांचे विनोद गल्लीत प्रसिद्ध होते. त्या दिवशी त्यांना धर्म आठवला, कारण धर्म नसता तर चूक कबूल करावी लागली असती. "उद्या सकाळी उठवू की," ते म्हणाले. सकाळची पूजा आठला होती. शर्यत त्याच सुमाराला सुरू व्हायची होती.

संध्याकाळी अप्पा काकांना पोचवायला गेले तेव्हा मी पाना उचलायला वाकले. अम्मानं माझं मनगट धरलं. ती केव्हा मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. तिच्या हाताला ओल्या पिठाचा वास होता.

"बेडा, सरू," ती म्हणाली. "हात लावू नको."

"अम्मा, अण्णा पडेल."

"पडला तर म्हणतील, पोरीनं पूजा मोडली म्हणून पडला. जन्मभर म्हणतील." ती जोरात बोलत नव्हती. "त्यांचं ठेवलंय, त्यांनाच उचलू दे."

मी तिचा हात झटकून मागच्या रस्त्यानं अप्पांच्या ओळखीतल्या रहीमचाचांच्या गॅरेजवर गेले. वाटेतल्या सगळ्या गॅरेजांची दारं बंद होती, दारांवर कुंकू आणि लिंबं. त्या संध्याकाळी अख्ख्या बंगळुरात मागूनसुद्धा पाना मिळाला नसता. सगळे पाने देवापुढे निजले होते. चाचांच्या पोरांनीही त्यांची अवजारं फुलं घालून मांडली होती, पण चाचा स्वतः त्या नियमातून मोकळे होते. त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"पाना देतूं बेटी," ते म्हणाले. "पर इंजन में डालती क्या? कॅम तो तेरे बावा के देवी के पास बैठा है."

"मी उचलते."

"तेरे बावा का इंजन मैं नै खोलतूं, तेरे को भी नै खोलने देतूं. उनकू बोल."

त्यांना मी दोष देत नाही. एका उस्तादाचं इंजिन दुसऱ्या उस्तादानं न विचारता उघडायचं नाही, हा चामराजपेटेतला नियम होता. त्या दिवशी सगळेच नियमानं वागत होते.

दसऱ्याला अण्णा अंधार सरायच्या आत गाडी टेम्पोत घालून निघाला. मी हट्टानं त्याच्याबरोबर गेले. वाटेत तो फक्त एवढंच म्हणाला, "तिसऱ्यापर्यंत जपून नेतो. मग बघू." अप्पा मागून काकांच्या मोटारीनं आले, त्यासाठी घरची पूजा न उठवताच. पूजा उठवायची राहिली याचं मग त्यांना काही वाटलं नाही.

मी तिसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिले. गाड्या एकेक सोडत होते. अण्णाची गाडी मला दिसायच्या आधी ऐकू आली. खालच्या चढावर ती गुदमरत होती, तो क्लच धरून धरून तिला जिवंत ठेवत होता. वळणावर तो आला, अगदी सावकाश, गाडी कललेली, गुडघा बाहेर. इंजिन खोकत होतं. त्यानं मूठ पिळली. काही झालं नाही. आणखी पिळली. मग ते अंगात आलं. मागचं चाक एकदम बाजूला गेलं, गाडी उभी राहिली आणि आडवी झाली, आणि तिच्याखाली त्याचा पाय गुडघ्यापासून भलत्याच दिशेला होता. इंजिन तसंच पडल्यापडल्या गर्जत राहिलं. ते बंद करायला मी धावले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीच्या मुठीला हात लावला.

इस्पितळात सरदारकाका शाल आणि नारळ घेऊन आले. अण्णाचा पाय वर टांगलेला होता, त्यामुळे शाल त्याच्या खांद्यावर नीट बसेना. ती त्यांनी टांगलेल्या दोरीवर घातली. कारखान्याच्या माणसांनी कोणाला घेतलं ते आम्ही विचारलं नाही. पाय राहिला, गुडघा वाकेनासा झाला. अण्णानं पुढे राजाजीनगरात टायरचं दुकान काढलं, त्याचं बरं चाललं, मुलं शिकली. तो आजही जिना एकेक पायरी थांबून चढतो आणि वर आल्यावर पहिलं वाक्य हवेबद्दल बोलतो.

याच्यापेक्षाही जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आला. अप्पा गप्प बसले असते तर मी कदाचित त्यांना माफ केलं असतं. पण वर्कशॉपात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "इंजिनात पॉवर जरा जास्तच निघाली. पोराला झेपली नाही." प्रत्येक वेळी थोडी जास्त. अण्णा बाहेरच्या ओट्यावर काठी घेऊन बसलेला असे आणि हे त्याला ऐकू जाई. ऐकून माणसं आदरानं इंजिनाकडे पाहत. अप्पांची कामं वाढली. संघानं अलीकडे त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला, त्यात एका वक्त्यानं हेच वाक्य म्हटलं, आणि टाळ्या पडल्या. अण्णा पहिल्या रांगेत होता. त्यानंही वाजवल्या. मी त्याला नंतर विचारलं, तर म्हणाला, "शेजारचा बघत होता."

अम्मानं त्या विषयावर घरात कधी तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी नवमी आली. अप्पांनी पाट मांडला, वर लाल कापड घातलं आणि पाने ओळीत लावू लागले, लहानापासून मोठ्यापर्यंत. मधला एक नव्हता. कॅमच्या झाकणाच्या बोल्टांना लागतो तो. अप्पांनी बाकावर शोधलं, बाकाखाली शोधलं, आणि मग कशानं तरी त्यांची नजर मागे स्वयंपाकघराकडे गेली. अम्मा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिच्या बाजूच्या खुंट्यांवर पळ्या, झारे, उलथनी टांगलेली होती, आणि त्यांच्यामध्ये तो पाना, धुऊन पुसून, पळीसारखाच. मी दारात होते. नवमीला अवजार न मांडता वापरात ठेवणं म्हणजे आमच्याकडे पूजा मोडणंच, हे मागच्या वर्षी माझं मनगट धरणाऱ्या तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

अम्मानं मागे वळून पाहिलं नाही. ताटावरचा वरवंटा उचलून तिनं भात पाहिला आणि पुन्हा ठेवला. अप्पा पुन्हा पाटापाशी उकिडवे बसले. मग त्यांनी दोन्ही हातांनी उरलेले पाने जवळजवळ सरकवले, मधली फट दिसेनाशी झाली, आणि त्यावर फूल ठेवलं. ते असेपर्यंत दर नवमीला ते तसेच सरकवत.